दुसऱ्या ओळीपासून फुल्या

"साहेब, माझ्या मशीनवर तर जातंय की," सुरवसे अण्णा म्हणाले.

मी मान वर केली नाही. बोलणाऱ्याकडे न बघता उत्तर देणं ही त्या काळात मला कामात गढलेल्या माणसाची खूण वाटायची. मी सव्वीस वर्षांचा होतो, ऑनलाइन परीक्षा घेणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीत नेटवर्क इंजिनिअर होतो आणि माझ्या लॅपटॉपवर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. यातली तिसरी गोष्ट मी लोकांना सगळ्यात आधी सांगायचो.

"काय जातंय?"

"रस्ता. सर्व्हरपर्यंतचा. नऊ टप्पे लागत्यात आन् मग डेटा सेंटरचं दार येतंय. मागल्या परीक्षेला बी नऊच होते."

"कशावर बघितलंत?"

"ह्या कोपऱ्यातल्या पीसीवर. विंडोज हाय."

"मग झालं तर," मी म्हणालो आणि हसलो. ते हसू मला आजही आठवतं आणि आठवलं की कुठेही असलो तरी कानाच्या पाळ्या गरम होतात.

याला आता अकरा वर्षं झाली. गाव सोलापूरपासून एकशेवीस किलोमीटरवरचं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, कारण त्या दिवशी हजर असलेली माणसं अजून तिथेच राहतात. गावाबाहेर माळावर एक इंजिनिअरिंग कॉलेज, कॉलेजात दोनशेचाळीस कॉम्प्युटरची लॅब आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे आरोग्यसेविकांच्या भरतीची परीक्षा. सुरवसे अण्णा त्या लॅबचे असिस्टंट. पंचावन्नच्या घरातले, शर्टाच्या खिशात एक पेन आणि एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना अण्णा म्हणायचे आणि अण्णा माझ्यासारख्या पोराला साहेब म्हणायचे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

माझं काम आदल्या दिवशी केंद्र तपासायचं. परीक्षेचा सर्व्हर मुंबईला होता आणि तो परीक्षेच्या दिवशी सकाळी सातला सुरू व्हायचा. तोपर्यंत त्याच्यापर्यंत रस्ता मोकळा आहे का, एवढंच बघून एक फॉर्म भरायचा. फॉर्मवर शेवटी दोन चौकोन: केंद्र योग्य, केंद्र अयोग्य. योग्यवर खूण केली तर दोनशेचाळीस बायका-मुली इथे परीक्षेला बसणार. अयोग्यवर केली तर त्याच दोनशेचाळीस जणींनी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सोलापूरच्या केंद्रावर हजर व्हायचं. पहिली एसटी सहाला सुटते आणि पावणेनऊला पोचते, हे माझ्या फॉर्ममध्ये कुठे विचारलेलं नव्हतं.

रस्ता बघायचं साधन सोपं असतं. समजा, एका माणसाला एकाच टप्प्याचं तिकीट काढून एसटीत बसवलं. टप्पा आला की कंडक्टर त्याला उतरवतो आणि तो तिथून फोन करतो, मी अमुक ठिकाणी आहे. मग दुसऱ्याला दोन टप्प्यांचं तिकीट, तिसऱ्याला तीन. असे फोन जोडत गेलं की अख्खा रस्ता कळतो. फोन आलाच नाही तर त्या ओळीत तीन फुल्या छापल्या जातात. लिनक्सवर या साधनाला ट्रेसरूट म्हणतात. विंडोजवर ट्रेसर्ट. जुन्या विंडोजमध्ये नावाला आठच अक्षरं मावायची म्हणून त्यांनी ते कापलं. ज्यांना साधनाचं नाव धड लिहायला जागा पुरली नाही ते रस्ता काय दाखवणार, असा विनोद मी ऑफिसात नेहमी करायचो. दोघे जण हसायचे. दोघेही लिनक्सवाले.

तर माझ्या ट्रेसरूटने काय दाखवलं होतं? पहिल्या ओळीत कॉलेजचं स्वतःचं फायरवॉल, म्हणजे बाहेर काय जाऊ द्यायचं आणि काय नाही हे ठरवणारा डबा. दुसऱ्या ओळीपासून फुल्या. तिसाव्या ओळीपर्यंत फुल्याच फुल्या. मी तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. निदान उघड होतं: डबा म्हातारा झालाय, त्याच्यापलीकडे काही जात नाही.

"साहेब, एक डाव बघा तरी," अण्णा म्हणाले. "मी शेवटी मायनस डी लावतो, म्हंजी ते नावं हुडकत बसत न्हाई. दोन मिन्टात हुतं."

"अण्णा, शेवटच्या ओळीला काय येतं तुमच्याकडे?"

"शेवटाला फुल्याच येत्यात. ते सर्व्हरचं दार बंद असतंय म्हनून. पर नऊ टप्पे तर—"

"बघा. म्हणजे तुमच्याही शेवटी फुल्याच."

मला वाटलं, वाद जिंकला. मी अयोग्यच्या चौकोनात खूण केली, ट्रेसरूटचं चित्र जोडलं आणि एक वाजून दहा मिनिटांनी फाटक मॅडमना मेल पाठवून दिला. फाटक मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. चार वाजता सगळ्या केंद्रांची यादी कायम व्हायची, त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. माझी वर्षभराची उमेदवारीही संपत आली होती आणि कायम केल्याचं पत्र पुढच्या सोमवारी मिळणार होतं. दोष वेळेत पकडणारा इंजिनिअर म्हणून त्या पत्रात एखादं वाक्य वाढेल, असाही हिशेब मनात होता.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी उत्साही माणूस. मोठ्या अक्षरांत 'हे केंद्र रद्द. सर्व उमेदवारांनी सोलापूर केंद्रावर स. ७.३० वा. उपस्थित राहावे' असा कागद छापला आणि शिपायाची वाट न बघता स्वतः जाऊन गेटच्या काचेवर चिकटवला. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, सुरकुती न पडू देता.

आमच्या परीक्षांना एक रीत असते. खेड्यातली माणसं आदल्या दिवशी केंद्र बघायला येतात. आपला नंबर यादीत आहे का, कोणत्या खोलीत आहे, जीप कुठे थांबते, हे सगळं डोळ्याखालून घालून जातात. त्या दिवशीही वीस-पंचवीस जणी आल्या होत्या. मी चिकटपट्टी दाबत असतानाच एक बाई पाठीमागे येऊन उभी राहिली. तिशी ओलांडलेली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं हॉल तिकीट. सोबत पांढऱ्या टोपीतला उंच, वाळका म्हातारा, बहुधा सासरा.

"सर, रद्द म्हंजी?" तिने विचारलं.

"म्हणजे इथे परीक्षा होणार नाही."

"सकाळी तर यादी लावली व्हती. माझं नाव व्हतं त्यात. उज्ज्वला भारत शेळवणे."

"तांत्रिक कारण आहे. सोलापूरला जायचं."

तिने म्हाताऱ्याकडे बघितलं. तो कागद वाचत होता, एकेका अक्षरावरून नजर फिरवत.

"आबा, गेलं तर..." ती म्हणाली.

"कसं जायचं?" म्हातारा म्हणाला. "आजच निघाया पायजे. राहायचं कुटं? आमचा भारत तिकडं क्रेनवर कामाला, लेकरं घरी, जनावरं घरी. सोलापुरात आपलं कोन हाय?"

"मला ह्यो शेवटचाच चान्स हाय सर," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "पुढल्या भरतीला वय बसत न्हाई. दोन वर्सं अभ्यास केलाय मी."

"ताई, माझ्या हातात काही नाही," मी म्हणालो. चिकटपट्टीचं रीळ तेवढं हातात होतं.

म्हातारा टोपी सारखी करून म्हणाला, "चल. वडाप भरायच्या आत बसू."

वडाप म्हणजे तिकडची प्रवासी जीप. ती दोघं कॉलेजच्या रस्त्याने स्टँडकडे चालत गेली. बाईने दोनदा मागे वळून बघितलं, माझ्याकडे नाही, इमारतीकडे. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते वाईट वाटणं फार सोयीचं होतं, कारण त्यात चूक त्या डब्याची होती.

लॅबमध्ये परतलो तर प्राचार्य बिराजदार येऊन बसले होते. शांत माणूस, मेकॅनिकलचे प्राध्यापक. त्यांच्यासमोर अण्णांनी एक फाइल उघडून ठेवली होती. या केंद्रावर नऊ वर्षांत बारा परीक्षा झाल्या होत्या आणि प्रत्येकीच्या आदल्या दिवशी अण्णांनी कोपऱ्यातल्या पीसीवर ट्रेसर्ट चालवून त्याचा कागद फाइलला लावला होता. कुणी सांगितलं नव्हतं, तरी. तेरावा कागद आजचा होता. आकडे थोडे मागेपुढे, टप्पे नऊच.

"आठल्ये साहेब, नऊ वर्षांत आमच्याकडची एक परीक्षा अडली नाही," बिराजदार म्हणाले. "एकदा नीट समजावून सांगा. मग रद्द म्हणा, माझी ना नाही."

मला हवं तेच मिळालं होतं. समजावून सांगायला मला कुणी साधं विचारलं तरी मी तासभर बोलायचो. "प्रोजेक्टर लावा," मी म्हणालो.

प्रोजेक्टर लागला. बातमी पसरली होती, त्यामुळे पाच-सहा प्राध्यापकही येऊन बसले. आधी अण्णांचा पीसी. त्यांनी एका बोटाने आज्ञा टाइप केली. एक, दोन, तीन असे टप्पे सावकाश उमटत नऊपर्यंत गेले आणि मग फुल्या लागल्या. मग माझा लॅपटॉप. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, मुद्दाम ठेवलेली. पहिली ओळ, आणि दुसरीपासून फुल्या.

"आता बघा," मी म्हणालो. "एक साधन सांगतं रस्ता आहे, दुसरं सांगतं नाही. खरं कोणतं?"

"दोन्ही एकाच वायरवर आहेत का?" बिराजदारांनी विचारलं.

अण्णांनी आपल्या पीसीची वायर काढून माझ्या लॅपटॉपला लावली. फुल्या. परत पीसीला लावली. नऊ टप्पे.

"मी मेकॅनिकलचा माणूस," बिराजदार म्हणाले. "एकाच दांड्याला दोन मोजपट्ट्या वेगळं माप देत असतील तर आम्ही दांडा फेकत नाही, आधी पट्ट्या बघतो. या दोन पट्ट्यांत फरक काय?"

"सर, फरक दर्जाचा आहे. ट्रेसरूट हे मूळ साधन. विंडोजने त्याची नक्कल केली, तीही अर्धवट. थांबा, मूळ माहितीपुस्तिकाच दाखवतो."

लिनक्समध्ये प्रत्येक आज्ञेची माहितीपुस्तिका आतच असते. ती मी प्रोजेक्टरवर उघडली. सहा वर्षं मी ट्रेसरूट वापरत होतो आणि ही पुस्तिका उघडायची माझी ही पहिली वेळ, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. मी इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचायचो आणि मग त्याचं मराठी सांगायचो, हातात पेन घेऊन, प्रवचनाला बसल्यासारखा.

"हे साधन काही सांगितलं नाही तर यूडीपी प्रकारची पाकिटं पाठवतं," मी वाचलं. "हल्ली बऱ्याच फायरवॉलमध्ये असली पाकिटं अडवलेली असतात. तसं असेल तर आज्ञेला इंग्रजी मोठा आय लावावा, म्हणजे ते..."

इथे माझा आवाज बारीक झाला.

"म्हणजे ते काय?" बिराजदारांनी विचारलं.

"म्हणजे ते आयसीएमपी प्रकारची पाकिटं पाठवतं."

"आणि विंडोजवालं कोणती पाठवतं?"

"आयसीएमपी," मी म्हणालो. "आधीपासून तीच."

म्हणजे रस्ता एकच होता. विंडोजची माणसं जीपने निघत होती आणि माझी ट्रकने, आणि कुणीतरी ट्रकला बंदी घातली होती. हात सवयीने चालत राहिले. मी फायरवॉलच्या नियमांचं पान उघडलं. प्रोजेक्टर चालू आहे हे लक्षात यायच्या आत ते पडद्यावर होतं. सगळ्यात वरचा नियम: बाहेर जाणारी सर्व यूडीपी वाहतूक बंद. शेजारी, नियम कुणी आणि कधी लावला त्याची नोंद. के. आठल्ये. आज, सकाळी अकरा बारा.

खरंच मीच लावला होता. कंपनीच्या यादीत फक्त इतर वेबसाइट बंद करा एवढंच होतं. सकाळी चहा यायचा होता, हातात वेळ होता, म्हणून मी पदरचं शहाणपण घालून सुरक्षा आणखी कडक केली होती. परीक्षेला त्या नियमाने काही फरक पडणार नव्हता. त्याने अडलं असतं ते एकच, माझं ट्रेसरूट.

पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मी मोठा आय लावून आज्ञा दिली. नऊ टप्पे. अण्णांच्या कागदावरचेच.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. "एक फोन करून येतो," असं म्हणून मी बाहेर जिन्यात आलो.

जिन्यात उभं राहून मी जे केलं ते सांगायची लाज वाटते, म्हणून लवकर सांगून टाकतो.

"मॅडम, इथलं केंद्र चालू ठेवता येईल," मी म्हणालो. "कॉलेजच्या फायरवॉलमध्ये दोष होता. मी दुरुस्त केला."

"म्हणजे दोष होता."

"हो, पण आता—"

"मग रद्दच. आदल्या दिवशी बिघडलेला डबा उद्या बिघडणार नाही याची हमी तू देणार? नियम तुला माहीत आहे. अहवाल मागे घ्यायचा तर एकच कारण चालतं, तपासणीच चुकली. चुकली का?"

मला सोमवारचं पत्र दिसलं. बाई दिसली नाही, हेही सांगायला हवं.

"नाही मॅडम."

"मग विषय संपला." फोन बंद.

तीन पंचवीस झाले होते. मी पायरीवर बसलो. काय वाटत होतं? खरं सांगतो, आधी सुटल्यासारखं वाटलं. मी प्रयत्न केला, मॅडमनी ऐकलं नाही, आता माझ्याकडे काय उरलं. असं स्वतःला समजावत होतो तेवढ्यात खालून अण्णा धापा टाकत वर आले. त्यांच्या हातात गेटवरचा कागद होता, चारही कोपऱ्यांच्या चिकटपट्ट्यांसकट.

"काडला साहेब," ते म्हणाले. चेहरा नुसता फुलला होता. "म्हनलं, तुम्ही फोन लावताय तवर तेवढं तरी करावं. लई घट्ट चिकटवला व्हता तुम्ही. आठ-धा पोरी हाईत अजून गेटवर, त्यांना सांगून बी आलो. मॅडम काय म्हनल्या?"

मी त्यांच्याकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदा, नीट. या माणसाला वाटलंच नव्हतं की चूक सापडल्यावर कुणी ती लपवेल. मी त्यांना हसलो होतो, त्यांचं अर्धं ऐकून तोडलं होतं, आणि ते माझ्या वतीने लोकांना शब्द देऊन आले होते. मला लाज वाटली. बसूनच मी परत फोन लावला.

"मॅडम, तपासणी चुकली."

"पाच मिनिटांपूर्वी विचारलं तेव्हा नाही म्हणालास."

"तेव्हा खोटं बोललो."

अण्णांनी कागदाची घडी घालायची थांबवली.

"लिहून पाठव," फाटक मॅडम म्हणाल्या. "कारण एका ओळीत. पाल्हाळ नको. चारच्या आत."

पाल्हाळ हा माझा हातखंडा, त्यामुळे ती एक ओळ लिहायला मला वीस मिनिटं लागली. पहिल्या मसुद्यात 'नेटवर्कमधील विशिष्ट परिस्थिती' होती, दुसऱ्यात 'दोन साधनांच्या कार्यपद्धतीतील तफावत'. दोन्ही खोडले. शेवटी लिहिलं: 'तपासणी अधिकाऱ्याने स्वतःच घातलेल्या बंदीमुळे तपासणी अधिकाऱ्याला रस्ता दिसला नाही.' सोबत अण्णांचा तेरावा कागद जोडला. तीन बावन्नला मेल गेला. तीन अठ्ठावन्नला उत्तर आलं, केंद्र कायम. लगेच दुसरं आलं: उद्या सोलापूरचा झुबेर तुझ्या जागी काम बघेल, तू आजच परत ये, सोमवारी मला भेट. सोमवारी काय झालं ते इथेच सांगतो. केंद्र कायम झालं, मी आणखी वर्षभर हंगामी राहिलो आणि ते वर्ष केबल तपासण्यात गेलं.

"त्या बाई," मी अण्णांना म्हणालो. "त्या म्हाताऱ्यासोबतच्या. त्या तुम्हाला गेटवर दिसल्या का?"

"न्हाई. त्या तर कवाच गेल्या."

मेसेज सगळ्यांना जाणार होता. पण सकाळी यादीत नाव, दुपारी रद्द, संध्याकाळी कायम, असल्या मेसेजवर कोण विश्वास ठेवणार? आणि रेंज नसेल तर? मी पळत सुटलो. कॉलेज ते स्टँड दीड किलोमीटर. कॉलर, टाय, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि पायात चकचकीत बूट अशा अवतारात माळावरून पळणारा माणूस त्या गावाने बहुधा पहिल्यांदाच बघितला. दोन कुत्री थोडं अंतर सोबत आली आणि कंटाळून परत गेली.

वडाप भरल्याशिवाय सुटत नाही, या नियमाने मला वाचवलं. तीन माणसं कमी होती, म्हणून जीप दोन तास तिथेच उभी होती. मागच्या बाकावर उज्ज्वला शेळवणे बसली होती, शेजारी म्हातारा.

"ताई," मी दाराला धरून कसाबसा श्वास घेत म्हणालो, "परीक्षा इथंच आहे. उद्या. आठलाच."

ती एकदम पुढे सरकली. म्हाताऱ्याने तिच्यासमोर हात आडवा धरला.

"मगाशी तर न्हाई म्हनत व्हता. तुमीच चिकटवत व्हता की त्यो कागद."

"हो."

"मग आमी खरं कोनतं धरावं? मगाचं का आत्ताचं?"

जीपमधली सगळी माणसं ऐकत होती. ड्रायव्हरही वळून बघत होता. मॅडमना फोनवर सांगणं सोपं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"मगाचं मी चुकीचं लिहिलं होतं," मी म्हणालो. "मशीन चांगलं होतं. कॉलेज चांगलं होतं. चूक माझी होती, आणि सुरवसे अण्णा सांगत होते तेव्हा मी ऐकलं नाही."

म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या बुटांवर तांबडी माती बसली होती, टाय खांद्यावर गेला होता.

"सकाळी परत न्हाई म्हनशीला?"

"नाही म्हणणार."

"आमी अडतीस किलोमीटरवरनं येतो. रोजगार बुडवून येतो. उद्या आलो आन् पुन्हा कागद दिसला तर?"

"नाही दिसणार."

"तसं न्हाई," म्हातारा म्हणाला. "सकाळी तुमी सोता गेटावर हुबं ऱ्हावा. तुमी दिसला तर पोरगी जीपमधनं उतरल. न्हाई दिसला तर तशीच माघारी नेतो. उगं आशा लावून तिला परत रडाया लावायचं न्हाई मला."

"आबा," ती म्हणाली, "असं काय बोलता सायबास्नी."

"उभा राहतो," मी म्हणालो.

मॅडमचा मेल होता, आजच परत ये. मी परत गेलो नाही. अण्णांनी मला घरी जेवायला नेलं. जेवताना त्यांनी दुपारचा विषय काढला नाही, फक्त भाकरी वाढत राहिले आणि मी ती खात राहिलो.

सकाळी सहाला मी गेटवर होतो. साडेसहाला झुबेर मोटरसायकलवरून आला, मला बघून चमकला.

"तू अजून इथे? तुला ड्युटीवरून काढलंय ना?"

"काढलंय."

"मग आत येऊ नकोस हां, माझी नोकरी जाईल."

"आत नाही येत. नुसता उभा राहतो."

"कशाला?"

"दिसायला," मी म्हणालो. त्याने डोक्याला हात लावला आणि आत गेला.

सातला सर्व्हर सुरू झाला, हे मला आतून अण्णांच्या आवाजावरून कळलं. सव्वासातपर्यंत सातआठ जीपा येऊन गेल्या. पोरी उतरत होत्या, एकमेकींचे पदर सारखे करत होत्या, हॉल तिकिटं काढत होत्या. मी प्रत्येक जीपच्या मागच्या बाकाकडे बघत होतो. साडेसात झाले. सात चाळीसला गेट बंद होणार होतं. पाय भरून आले होते, तरी बाजूच्या कट्ट्यावर बसायची हिंमत होईना. बसलो आणि दिसलो नाही तर?

सात छत्तीसला एक जीप धुरळा उडवत आली आणि गेटपासून जरा अलीकडेच थांबली. आधी म्हातारा उतरला, एकटाच. टोपी काढून त्याने घाम पुसला. मग डोळ्यांवर हात धरून गेटकडे बघितलं. मी हात वर केला. त्याने हात वर केला नाही. तो जीपच्या मागच्या बाजूला गेला, दार उघडलं आणि आत वाकून म्हणाला,

"जा. हाय."